अठरा जूनचा वारसा



पोर्तुगीज अमदानीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे. परवानगीविना सभा भरविणे हा तर गुन्हाच होता. अशा काळात, १९४६ साली, डॉ. राममनोहर लोहिया आपले स्नेही डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळणे येथील घरी विश्रांतीसाठी आले. परंतु गोमंतकीयांची गाऱ्हाणी कानी पडताच विश्रांती बाजूस राहिली.

१८ जून १९४६ रोजी भर पावसात मडगावच्या मैदानावर लोक जमले. पोर्तुगीज अधिकाऱ्याने पिस्तूल रोखले. लोहियांनी त्याचा हात शांतपणे दूर सारला. दोघा नेत्यांना अटक झाली, पण लोकांच्या मनातील भीती ओसरू लागली. पुढे त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात झाली. अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

त्या दिवशीची मागणी साधी होती : एकत्र जमण्याचा व बोलण्याचा हक्क. आज ग्रामसभेत निर्भयपणे प्रश्न विचारणारा ग्रामस्थ, तो आदराने ऐकून घेणारा अधिकारी आणि मुलांना बोलते करणारा शिक्षक हे तिघेही अठरा जूनचाच वारसा चालवीत असतात. ग्रामसभेची जागा रिकामी राहिली, तर मात्र तो हक्क कागदावरच उरेल.

जय हिंद!