वेदनाशमनाकडून रोगनियंत्रणाकडे : स्वागताध्यक्षीय भाषण

मूळपीठ डोंगरावरील यमाईदेवीच्या सान्निध्यात वसलेल्या औंध नगरीत आपण जमलो आहोत. औंधचे तत्कालीन संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले आणि 1939 च्या राज्यघटनेने कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवला. आरोग्य हे लोकांचे सामाईक कर्तव्य मानणाऱ्या या भूमीत जुनाट दाहविकारांचा विचार व्हावा, हे सर्वथा उचित आहे.

इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर लाली, उष्णता, सूज आणि वेदना या रूपांनी प्रकटणारा शरीराचा संरक्षक प्रतिसाद म्हणजे दाह होय. काम संपताच तो शमतो. आमवातात मात्र रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि कूर्चा व हाडे झिजू लागतात. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये भिगवण या गावात घरोघरी सुरू केलेल्या पाहणीत दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आमवात असल्याचे दिसून आले. म्हणजे हा विकार केवळ शहरांचा नाही.

अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही परिचित औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या दाहवर्धक द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये अॅस्पिरिनच्या अभ्यासातून उलगडलेल्या कार्यपद्धतीमुळे समजले. या औषधांनी सूज व वेदना कमी होतात, परंतु आमवातातील सांध्यांची झीज थांबत नाही. उलट सल्ल्याविना दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तदाब वाढू शकतो. झीज रोखण्याचे काम मेथोट्रेक्सेटसारखी रोगनियंत्रक औषधे करतात. मूळ कर्करोगावरचे हे स्वस्त औषध आमवातात अल्प मात्रेत आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. हिवतापावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही आमवातात वापरले जाते.

जुन्या औषधांच्या नव्या उपयोगाला पुराव्याची कसोटी मात्र हवीच. कळलावी या वनस्पतीत आढळणारे, गाऊट या सांधेविकारावर दिले जाणारे कोल्चिसिन हृदयविकाराच्या झटक्यानंतर उपयुक्त ठरते, असे 2019 च्या एका मोठ्या चाचणीत दिसले, तर 2024 च्या त्याहून मोठ्या चाचणीत तसा लाभ आढळला नाही.

आमवातात केवळ वेदनाशमन पुरेसे नसल्याने स्वागत समितीचे सर्वांना कळकळीचे आवाहन आहे : सकाळी तासभर किंवा अधिक वेळ सांधे आखडत असतील आणि सांध्यांची सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकत असेल, तर त्या रुग्णाला केवळ वेदनाशामक गोळ्यांवर ठेवू नये, त्याचे निदान वेळेवर करून घ्यावे, कारण एकदा झिजलेला सांधा कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही.