हँडलचा वॉकी-टॉकी घेताना

जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानं रायगडच्या किनाऱ्यावर वीज गेली, मोबाइलही मुके झाले. अशा वेळी हँडल फिरवून चार्ज होणारा रेडिओ कामाला येतो. पण खोकं नीट वाचा. यातले बरेच संच नुसते ऐकवतात, त्यांवरून बोलता येत नाही. बोलायचंही असेल तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झचा, कमी शक्तीचा संच घ्या. त्याला परवाना लागत नाही. अमेरिकेतून कुणी हौसेनं आणलेला 462 मेगाहर्ट्‌झचा इथं विनापरवाना चालत नाही. हँडलच्या जोरावर ऐकणं बराच वेळ निभतं; बोलायचं बटण दाबलं की मात्र चार्जिंग भराभर उतरतं. म्हणून साधे सेल बसणारा बरा. आणि खोक्यावरचे ते भलेमोठे किलोमीटर? नारळी-पोफळीच्या वाडीत, मध्ये टेकडी असताना, एखादा मिळाला तरी पुष्कळ!