जस्त कसें गवसलें



देवघरांतील पितळेची समई आपल्या परिचयाची आहे. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण. यांपैकीं तांबें खनिजापासून सुटें करणें मनुष्याला सहस्रावधि वर्षांपूर्वींच साधलें. जस्तानें मात्र त्याला फार काळ चकविलें. असें कां व्हावें?

खनिजांत धातु बहुधा प्राणवायूशीं किंवा गंधकाशीं जखडलेला असतो. गंधकयुक्त खनिज हवेंत भाजलें म्हणजे गंधक धुरावाटे निघून जातो व धातूचें भस्म उरतें. त्यांत कोळसा मिसळून भट्टी पेटविली कीं कोळसा भस्मांतील प्राणवायु ओढून घेतो. शिशें असेल तर तें वितळून तळाशीं सांचतें.

जस्ताची गोष्ट निराळी. भस्मापासून सुटण्यास त्याला सुमारें १००० अंश शतमान उष्णता लागते. परंतु उकळतें तें ९०७ अंशांवरच. म्हणजे हा धातु जन्मतो तोच वाफेच्या रूपानें! त्या वाफेला हवा लागली कीं पुन्हां पांढरें भस्म. नुसती आंच वाढवून येथें कांहींच हातीं लागत नाहीं.

हें कोडें राजस्थानांत उदयपूरनजीक जावर येथें सुटलें. तेथें निदान चौदाव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर जस्त निघत असे. कारागीर वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींत भाजलेलें खनिज व इतर द्रव्यें भरीत आणि त्या भट्टींत उपड्या बसवीत. एका भट्टींत अशा ३६ मुशी. मुशीची नळी भोंकें पाडलेल्या तक्त्यांतून खालच्या कोठडींत उतरे. वर प्रखर जाळ, खालीं गारवा. वाफ नळीवाटे खालीं येई, हवेशीं गांठ पडण्यापूर्वींच निवे, आणि भांड्यांत जस्ताचे थेंब पडत. असल्या मुशीचें वर्णन ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथांतहि आहे; आणि १९८३ मध्यें जावरच्या उत्खननांत प्रत्यक्ष भट्ट्याच सांपडल्या.

इंग्लंडांत ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननें वाफ खालीं उतरविण्याच्याच रीतीनें जस्त काढून १७३८ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. त्याचें नांव इतिहासांत नोंदलें गेलें. आज बहुतेक जस्त विजेच्या साहाय्यानें द्रावणांतून काढतात. खनिज भाजण्याची पहिली पायरी मात्र बहुधा कायम आहे.

जावरच्या कारागिरांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. त्यांच्या मुशी एकदां वापरून टाकून दिल्या जात; त्यांचे ढीग तेथें पडले, आणि गांवकऱ्यांनीं त्या रचून घरांच्या भिंती उभारल्या. आंच किती द्यावी याबरोबरच ती कोठें थांबवावी, हें ज्यांना उमगलें त्यांची तेवढीच खूण उरली आहे.