एका पिवळ्या फुलाची ओळख
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण मंडळाचा आग्रह मोडवेना, म्हणून डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते.

2023 साली पुतणीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यातील टॅलाहासी गावी गेले होते. जावई वनस्पतिशास्त्र शिकवतात. मे महिन्यात एका रविवारी ते मला अपालाचिकोलाच्या सरकारी जंगलात घेऊन गेले. समुद्राकडचा सपाट मुलूख, पाइनची विरळ झाडे, खाली दाट गवत आणि पायाखाली पाणी! तेथे 'हार्पर्स ब्यूटी' नावाचे फूल उगवते. फ्लोरिडाचा तेवढा कोपरा सोडला तर जगात कोठेही ते आपोआप उगवत नाही. 1965 साली सिडनी मॅकडॅनिएल यांना ते सापडले आणि 1979 पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

थोडे चालतो तोच गवतात सहा पाकळ्यांचे पिवळे फूल दिसले. "सापडले!" म्हणून मी देवासाठी खुडायला हात घातला.

"काकू, थांबा. आधी देठ पाहा."

देठावर केस होते, पानांवरही होते. मग मला हसूच आले. ही तर आपल्या काळ्या मुसळीच्या गोतातली! आपल्या सड्यावर पहिल्या पावसात मुसळीला असेच फूल येते. खऱ्या फुलाचा देठ गुळगुळीत, त्यावर एकच फूल, आणि पाने गवतासारखी अरुंद पण कडेवर उभी चपटी. फूल ओसरले तरी पाकळ्या गळत नाहीत, हिरव्या होतात.

तासाभराने रस्त्याकडेच्या ओलीत खरे फूल दिसले. मी हात जोडले, पण लावला नाही. मघाचे तेच असते, तर ओळखण्याआधीच मी ते खुडले असते! ही रुखरुख अजून जात नाही.

त्या रानाला वनखात्याचे लोक ठराविक वर्षांनी मुद्दाम आग लावतात. नाहीतर झुडपे माजून असल्या फुलांना ऊन मिळत नाही. ज्याचे त्याचे पथ्य वेगळे. ते जाणल्याशिवाय जपता येत नाही.

भगिनींनो, आपल्या सड्याला आपण पडीक म्हणतो. यंदा पावसाळ्यात मुलांना घेऊन तेथे जाऊ या. फुले खुडायला नव्हे, त्यांची नावे विचारायला.