बेगमीचे घर

(देवळाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगलप्रसंगी धर्मगुरूने एखादा उदात्त विषय मांडावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज आपणांस कोठीच्या खोलीत नेणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु घरोघर आशीर्वाद देण्यास जात असता एक गोष्ट आमच्या वारंवार दृष्टीस पडली आहे. पुष्कळ घरांतील कलहाचे मूळ वाण्याच्या वहीत असते. महिन्याची 20 तारीख उलटली की डबे रिकामे होतात, उधारी वाढते, पतिपत्नीत शब्दाला शब्द लागतो, आणि मुले कोपऱ्यात मुकाट बसून राहतात. अशा घरात प्रार्थनेचे पुस्तक उघडण्यापूर्वी कोठीचे दार उघडून पाहावे लागते. म्हणून हा विषय.

आपल्या पूर्वजांनी यासाठी एक सुंदर शब्द वापरला आहे, तो म्हणजे बेगमी. वस्तू ज्या ऋतूत मुबलक व स्वस्त, त्या ऋतूत ती घ्यावी, नीट राखावी, आणि ती महाग होईल तेव्हा घरातली खावी, इतकाच त्याचा अर्थ. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील लोकांस हे कोणी शिकवावयास नको होते. कारण येथील निसर्गानेच ते शिकविले. पश्चिमेस महाबळेश्वर-पाटणकडे पावसाची झड लागली की आठवडेच्या आठवडे बाजारात जाणे कठीण; आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पावसाचा भरवसा नाही. एकीकडे अतिवृष्टीसाठी साठवण, दुसरीकडे अवर्षणासाठी साठवण. 1972 च्या दुष्काळात परदेशाहून आलेला मिलो नामक लाल जोंधळा आणि कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, ते वृद्ध या मंडळीत आजही आहेत. कणगीत धान्य असणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे.

साठवणीची विद्या पाहावयाची असेल तर फार दूर जावयास नको. सांगलीजवळ, कृष्णा व वारणा यांच्या संगमावर, हरिपूर हे गाव आहे. तेथील जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पेवाचे तोंड बंद केले म्हणजे आत हवा खेळत नाही. कीड लागत नाही. हळद वर्षानुवर्षे टिकते. व्यापाऱ्याने भाव पाहून पेव उघडावे, अशी ती योजना. परंतु त्याच कृष्णेला 2005 साली महापूर आला, पाणी जमिनीत शिरले, आणि कित्येक पेवे निकामी झाली. पुन्हा 2019 च्या ऑगस्टात सांगलीत पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा तळमजल्यावर रचलेली वर्षाची पोती एका रात्रीत कुजली. यातून एक धडा असा की, साठविणे ही अर्धी विद्या होय. कोठे साठवावे आणि किती साठवावे, ही उरलेली अर्धी. नदीकाठच्या घराने वर्षाऐवजी चार महिन्यांचेच धान्य घ्यावे आणि ते उंचावर ठेवावे. भाव थोडा जास्त पडेल. पण सर्वस्व एका पाण्यात जाणार नाही.

आता उपदेश करणाऱ्याने आपली चूकही सांगावी, हे न्याय्य होय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मुलांच्या वसतिगृहाचा कारभार होता. चैत्रात गहू स्वस्त मिळाला. आम्ही मोठ्या उत्साहाने चार क्विंटल घेतला, आणि आपण वसतिगृहाचा केवढा पैसा वाचविला, या अभिमानात पोती तशीच भिंतीला लावून ठेविली. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, “फादर, ऊन दाखवल्याबिगर पोती लावू नका. खाली फळ्या तरी घाला.” आम्ही “पाहू” म्हणालो. श्रावणात पोते उघडले तो आत सोंड्यांची नुसती वळवळ! खालच्या पोत्यांना ओल लागून गव्हाचे गोळे झालेले. निम्म्याहून अधिक गहू कोंबड्यांपुढे टाकावा लागला. मावशींनी एवढेच म्हटले, “स्वस्तातलं किड्यांनी खाल्लं, आता पोरांसाठी महाग आणा.” त्या वाक्यात जेवढे अर्थशास्त्र होते, तेवढे आमच्या गुरुविद्यालयातील सर्व वर्षांत आम्हांस मिळाले नव्हते. मुलांच्या जेवणाचा पैसा आमच्या आळसाने गेला होता. तो कोणाच्या माथी मारण्यासारखा नव्हता.

तेव्हापासून आम्ही हिशोब करूनच बोलतो. उदाहरणादाखल धरून चाला की, एका घराने हंगामात 300 किलो ज्वारी 40 रुपये भावाने घेतली, आणि पुढे भाव 45 झाला. बचत 1500 रुपये झाली. आता दहावा हिस्सा, म्हणजे 30 किलो, किडीने गेला. तेवढी ज्वारी पुन्हा 45 च्या भावाने घेण्यात 1350 रुपये गेले आणि हाती 150 उरले. किंवा ज्वारी चांगली राहिली, पण ते 12000 रुपये शेकडा दोन दरमहा व्याजाने काढले होते. सहा महिन्यांचे व्याज 1440 रुपये झाले. बचत उरली 60 रुपयांची! यास्तव पहिला नियम हा की, कर्ज काढून बेगमी करू नये. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत दरमहा 2000 रुपये बाजूला ठेविले तर सहा महिन्यांत तेच 12000 रुपये स्वतःचे होतात. ज्यास इतके जमत नाही त्याने 500 ठेवावे आणि केवळ डाळ व मिरची यांचीच बेगमी करावी. चार घरांनी एकत्र येऊन एकाच शेतकऱ्याकडून माल घेतला तर लहान घरालाही मोठ्या खरेदीचा भाव मिळतो. आपल्या भगिनींच्या बचतगटांनी हे काम अवश्य हाती घ्यावे.

दुसरा नियम असा की, काय टिकते आणि काय टिकत नाही, हे ओळखून घ्यावे. शाळू, गहू, तूर, चिंच, लाल मिरची, नवी हळद हे सर्व माघापासून वैशाखापर्यंत बाजारात येते. तासगावचा बेदाणाही याच सुमारास तयार होतो. मूग, उडीद, भुईमूग आणि कोरेगावकडील वाघ्या घेवडा पावसाळा सरता सरता. नवा तांदूळ दिवाळीनंतर. आणि गुऱ्हाळे हिवाळ्यात. धान्य कडक उन्हात वाळवून, निवू देऊन, मगच भरावे. ऊन ऊन भरल्यास आत घाम धरतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात, मटकी-मुगास चाळलेली राख, चिंचेस मीठ, तिखटात हिंगाचे खडे, ही आजीबाईंची औषधे आजही निरुपयोगी झालेली नाहीत. दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडू होते. शेंगा टिकतात, सोललेले दाणे लवकर खवट होतात. कांद्याचेही तसेच आहे. उन्हाळी कांदा हवेशीर जागी चार-पाच महिने राहतो. पण पावसाळी लागवडीचा लाल कांदा हिवाळ्यात कितीही स्वस्त मिळाला तरी साठवू नये, कारण त्यास लवकर कोंब येतात व तो सडतो. तो स्वस्त असेल तेव्हा भरपूर खावा, हीच त्याची बेगमी.

आता मोठ्या दुकानांतून “एकावर एक मोफत” अशा पाट्या लागतात. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. साबण, मीठ, चहा यांसारखी रोजची वस्तू खरोखर उतरत्या भावाने मिळाली तर दोन-तीन महिन्यांची अवश्य घ्यावी. परंतु पुड्यावरील मुदत पाहावी, वजन पाहावे, आणि स्वतःस विचारावे की, ही पाटी नसती तर आपण ही वस्तू घेतली असती काय? उत्तर नकारार्थी आले तर ती वस्तू स्वस्त नव्हे; तो एक नवा खर्चच होय.

परंतु माताभगिनींनो, आमच्या मते बेगमीचा खरा कस खरेदीत लागत नाही; तो रोजच्या ताटात लागतो. पुष्कळ घरे भरपूर साठवितात आणि तरीही पैसा वाचत नाही. कारण “आज काय करावे?” हा प्रश्न सायंकाळी सहा वाजता पडतो, आणि मग कोठीत मटकी असूनही ती भिजविलेली नसल्यामुळे महाग भाजी आणावी लागते. यासाठी बाजारात जाण्यापूर्वी कोठीत जाण्याची सवय लावून घ्यावी. रविवारी मिस्सेनंतर घरातील मंडळींनी एकत्र बसावे, दिनदर्शिकेच्या पाठीमागे तीन रकाने आखावेत: घरात काय आहे, कोणते आधी संपविले पाहिजे, आणि कोणत्या दिवशी त्याचे काय करावयाचे. रविवारी रात्री मटकी भिजली तर मंगळवारी मोड आलेली उसळ मिळते. श्रावणात भाजी कडाडली की वैशाखात घातलेले सांडगे बाहेर काढावेत, पिठले-भाकरी करावी. शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करितो. त्या दिवशी घेवड्याची आमटी ठरलेली असावी. जुना डबा पुढे आणि नवा मागे ठेवावा. उरलेल्या भाकरीला सकाळी फोडणी द्यावी. पाच भाकरींच्या चमत्कारानंतर उरलेले तुकडे बारा टोपल्या भरून गोळा करविले गेले, हे आपण जाणतोच. ज्याने हजारोंना पोटभर जेवू घातले, त्यालाही तुकडा वाया गेलेला चालला नाही.

आणि पुरुषवर्गास एक शब्द. पोती उन्हात घालणे, फळ्या ठोकणे, हिशोब लिहिणे ही कामे केवळ स्त्रीची नव्हेत. आमच्या वसतिगृहात ते ओझे एकट्या मावशींवर होते आणि तिचे ऐकावयासही आम्हांस वेळ नव्हता. परिणाम काय झाला तो आत्ताच सांगितला.

शेवटी ज्याकरिता हा विषय या व्यासपीठावर आणला, ते सांगतो. बेगमी आणि साठेबाजी यांत अंतर आहे. आपल्या कुटुंबास लागेल तेवढे ठेवणे ही बेगमी; शेजाऱ्यास मिळू नये किंवा त्याच्याकडून चढा भाव उकळावा म्हणून ठेवणे ही साठेबाजी. 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा दडवून ठेविलेल्या धान्यानेही त्या संकटात भर घातली होती. 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने सरकारला व्यापाऱ्यांच्या साठ्यांवर मर्यादा घालता येते, ती यासाठीच. 2020 च्या टाळेबंदीत आपणही पाहिले की, काही घरांनी भीतीपोटी दोन-दोन महिन्यांचा किराणा एकाच दिवशी उचलला आणि रोजंदारीवाला दुकानाच्या दारातून रिकाम्या हाताने परतला. टंचाईच्या दिवशी जो धावत सुटतो, त्याने सुबत्तेच्या दिवशी बेगमी केलेली नसते. हंगामात घेणारा मात्र कोणाच्या तोंडचा घास काढीत नाही. उलट टंचाईत तो बाजारापासून दूर राहतो आणि तेथले थोडके धान्य दुसऱ्यास राहते.

पवित्र शास्त्रात योसेफाने मिसरात सात सुकाळाच्या वर्षांतील पाचवा हिस्सा कोठारांत भरला. दुष्काळ पडताच ती कोठारे उघडली. आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही महाराष्ट्रात घरोघर सांगतात. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी राजाची कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, असे परंपरा म्हणते. दोन देश, दोन धर्म; परंतु दोन्हीकडे लोकांनी स्मरणात ठेविले ते कोठार उघडणाऱ्यालाच. याच्या उलट, कोठारे मोडून मोठी बांधण्याचे बेत करणाऱ्या धनिकाचा दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. ती रात्र त्याची अखेरची ठरली.

म्हणून आमची विनंती अशी: यंदा पाडव्याला जो बेगमी करील, त्याने प्रथम पायलीभर धान्य वेगळे काढावे आणि त्या पिशवीवर कोणाचेही नाव लिहू नये. वर्षभरात ज्या शेजाऱ्याच्या घरी चूल पेटली नाही असे कळेल, त्याच्याकडे ती गुपचूप पोहोचवावी. प्रायश्चित्तकाळ आणि नव्या धान्याचा हंगाम बहुधा एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत आपण जे खात नाही, त्यातून ही पिशवी सहज भरेल.

देवळाच्या भिंती पूर्वजांनी बांधिल्या, त्या आपण रंगवून साजऱ्या केल्या. आता प्रत्येक घराच्या डब्यांवर झाकण नीट बसलेले असो, वाण्याच्या वहीत आपले पान कोरे असो, आणि दारी आलेला उपाशी परत न जावो. परमेश्वर आपल्या कोठ्यांना व आपल्या हातांना आशीर्वाद देवो.