परसातील कारळा
(ग्रामस्थ, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या मेळाव्यातील भाषण)



कपाशीच्या या आदिलाबाद जिल्ह्यात परसातील फुलांविषयी बोलणे काहींस चैनीचे वाटेल. परंतु कारळा केवळ शोभेचा नाही. खुरासणी या नावानेही ओळखली जाणारी ही वर्षायू वनस्पती झेंडू, शेवंती व सूर्यफुलाच्याच कुळातील असून मूळची इथिओपियाची आहे. आपले तेलुगू भाषिक बांधव तिला 'वेर्रि नुव्वुलु', म्हणजे वेडे तीळ, म्हणतात. नाव काहीही असो, तिच्या काळ्या, चकचकीत दाण्यांत तीस ते चाळीस टक्के तेल असते, आणि भाकरीबरोबर कारळ्याच्या चटणीची चव मी आपणांस सांगावी असे नाही!

देशातील कारळ्याचे क्षेत्र गेल्या काही दशकांत फार घटले. शेतातून पीक गेले की घरातील बियाणेही जाते. ते राखण्यास परसातील एक वाफा पुरेसा आहे.

जुलैच्या उत्तरार्धात बारीक वाळू मिसळून बी पेरावे. ओळींत एक फूट अंतर ठेवून पुढे दाट रोपे विरळ करावीत. जनावरे या झाडास सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे कुंपणाची चिंता थोडी. बतुकम्मासाठी तंगेडूची फुले गोळा होतात, त्याच सुमारास हा वाफा पिवळा होतो.

'फुले उदंड आली, पण दाणा भरला नाही', ही तक्रार मात्र पुष्कळदा ऐकू येते. कारळ्याचे फूल स्वतःच्याच झाडाच्या परागाने सहसा फळत नाही. पराग दुसऱ्या झाडाचा हवा आणि तो आणावयास मधमाशी हवी. म्हणून एकदोन रोपे लावून भागत नाही, वाफाच हवा. शेजारच्या कपाशीवर भर सकाळी विषारी औषध फवारले, तर माश्या मरतात आणि परसातील दाणा पोकळ राहतो. फवारणी अटळच असेल, तर ती माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.

शिक्षकांनी शाळेच्या वाफ्यात काही कळ्यांवर विरळ कापडाची पिशवी बांधावी व काही उघड्या ठेवाव्यात. पुढे दोन्हींतील भरलेले दाणे मुलांकडून मोजून घ्यावेत. फळ्यावरील तासभराच्या व्याख्यानापेक्षा मुलांस ते अधिक पटेल.

बोंडे काळपट होताच झाडे कापावीत; उशीर झाल्यास दाणे गळतात. अमरवेलीचे बारीक बी कारळ्यात मिसळून येते, म्हणून बियाणे चाळून, उन्हात वाळवून मगच मडक्यात भरावे. दरवर्षी मूठभर बी दुसऱ्या घराशी बदलून घेतले, तर वाफ्यात वेगवेगळ्या वाणाची झाडे राहतात व दाणाही चांगला भरतो.