शहरातल्या शहरात हेल्मेट कशाला?

पुण्यात हेल्मेटसक्ती जाहीर झाली की पाठोपाठ विरोधही उभा राहतो. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, अशी कारणं बरीच. त्यातलं वजनदार एकच: ‘गावात आम्ही तीस-चाळीसनं जातो, हेल्मेट हायवेला ठीक.’

हे जरा तपासू. गाडी सिग्नलला उभी आहे असं धरा. स्कूटरवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्यावरून ते डांबरावर आपटलं, तर आपटतानाचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास भरतो. गाडी जागची हललेली नसताना! डांबर दबत नाही, कवटीही फारशी दबत नाही. सगळा वेग क्षणात संपतो आणि मेंदू आतून कवटीवर आदळतो. हेल्मेटमधला थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यातल्यापेक्षा घट्ट पण त्याच जातीचा, चेपत जातो आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा देतो. तेवढ्यानं झटका कितीतरी पटींनी कमी होतो. बाहेरचं चकचकीत कवच धक्का पसरवतं, पण मुख्य काम थर्माकोलचं. तो एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी बाद.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांतले मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब असा, की हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. अर्थात, ते डोक्यावर टिकलं तर. आपल्याकडे चौकात मामा दिसले की आरशावरचं हेल्मेट डोक्यावर येतं, पट्टा कानाशी लोंबत राहतो. पावती वाचते, एवढंच.

सायकलचं प्रकरण मला वेगळं वाटतं. मोटार वाहन कायद्यातली सक्ती सायकलला नाही, आणि नसावीच. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं १९९० मध्ये ती केली, तेव्हा किशोरवयीन मुलांचं सायकल चालवणं बरंच कमी झालं. नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलवर हेल्मेट क्वचितच दिसतं, कारण तिथे सायकलला स्वतंत्र वाट आहे. आपल्या सायकल ट्रॅकवर मोटारी लावलेल्या असतात, तो भाग वेगळा! सिंहगडाच्या उतारावर रेसिंग सायकल सोडणाऱ्यानं हेल्मेट जरूर घालावं. पण पेपर टाकणाऱ्या मुलाची पावती फाडून काय साधणार?

दुचाकीवरच्या मुलांबाबत मात्र सूट नको. २०१९ च्या दुरुस्तीनं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, आणि बाबांचं जुनं मुलाला चालत नाही. दुकानात मुलांच्या मापाचं मागा, आयएसआयची खूण बघा, पट्टा लावून त्याला मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट नुसतंच गरगरलं, तर एक नंबर लहान काढायला लावा.